खळ्यावरचा पहिला पेपर

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी हर्षदाच्या मोबाइलवर लाल पट्टी आली: ‘कॅमेऱ्यात एकापेक्षा जास्त व्यक्ती. परीक्षा थांबवली आहे.’

बावीस प्रश्न सोडवून झाले होते, अठ्ठावीस बाकी होते. साखरशेत पाड्याच्या माळावर जे खळं आहे, तिथे त्यातल्या त्यात बरी रेंज येते, म्हणून ती नवालाच येऊन बसली होती. मोबाइल खुंटाला सुतळीने बांधलेला. बसण्याआधी आसपास कुणी नाही हे तिने नीट पाहून घेतलं होतं. तिने मान वळवली.

मागे अकरा माणसं उकिडवी बसली होती. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, आणि दोघांत सहा-सहा फुटांचं अंतर, आरोग्य खात्याच्या आशाताईंनी आखून दिल्यासारखं. पुढे तिची आई भागी. तिच्या बाजूला देवजीबाबा.

या बसण्याची सुरुवात तीन आठवड्यांपूर्वी झाली होती.

हर्षदा ठाण्याच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. पाड्यातून इतकं शिकलेली ती पहिलीच. मार्चमध्ये वसतिगृह बंद झालं, ती दोन दिवसांसाठी म्हणून एका पिशवीनिशी घरी आली आणि पुस्तकं खोलीतच राहिली. परीक्षा होणार, होणार नाही, होणारच, असं सहा महिने चाललं. तारीख जाहीर झाली तोवर तिची झोप उडाली होती. ताटापुढे बसून ती सूत्रं पुटपुटायची आणि भाकरी तशीच राहायची. हा पेपर गेला तर आपलं शिक्षण संपलं, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

मोखाड्याच्या निशाने, तिच्या वर्गमैत्रिणीने, कॉलेजच्या समुपदेशनाचा नंबर दिला.

“लागत नाही गं,” हर्षदा म्हणाली.

“मला लागला. ‘आपण पंधराव्या क्रमांकावर आहात’ म्हणाला. माझ्यापुढे चौदा जणी आहेत ऐकूनच मी निम्मी बरी झाले!”

हर्षदाला त्या दिवशी हसू आलं नाही. भागीने पाहिलं आणि ती सरळ देवजीबाबांकडे गेली.

देवजी पाड्याचे भगत. त्यांनी सुपात तांदळाचे दाणे टाकले, पाहिले, बाजूला सारले आणि पोरीलाच विचारलं, “परीक्षेला किती जणां बसता तुम्ही?”

“आमच्या केंद्रावर साडेतीनशे.”

“एका जागी?”

“हो. या वेळी मात्र आपापल्या घरून.”

“म्हणजे तू एकटी.”

“हो.”

“मग दुसरा काय नाय भागे. साडेतीनशे जणांचा भ्याव हिच्या एकटीच्या अंगावर आलाय. पोरीला एकटी सोडू नका.” मग सूप उचलता उचलता म्हणाले, “आणि झोपेचा जव्हारच्या डॉक्टरला विचारा. तो माझ्याकडं नाय.”

पाड्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, इथे त्याच्याजवळ कुणी ना कुणी बसतंच. काही करायचं नसतं, फक्त बसायचं. दुसऱ्या दिवशी भागी तिला जीपने जव्हारला नेऊन डॉक्टरला दाखवून आली. रामीआजी आपली गोधडी घेऊन तिच्याजवळ झोपायला आली आणि अशी घोरली, की तिच्या घोरण्यावर लक्ष ठेवता ठेवता हर्षदाचाच डोळा लागला. सुकऱ्याकाका दुपारचे येऊन बसू लागले. त्यांनी दहा वर्षं ठाण्यात बांधकामावर काढलेली.

“टेन्शन नही लेने का,” ते म्हणायचे. “मला विचार. मी उत्तर देतो.”

“काका, रसायनशास्त्र आहे.”

“असू दे. पर्याय किती? चार ना? ब.”

“प्रश्न तरी ऐका!”

“ब.”

दहा प्रश्नांत त्यांचे चार बरोबर आले. रामीआजी म्हणाली, “बघ पोरी, हा चार आणतो, मग तुला कसला भ्याव?” त्या दिवशी हर्षदा मार्चनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. तिसऱ्या आठवड्यात ती दोन भाकऱ्या खाऊन सहा तास झोपू लागली.

फक्त एक चूक राहून गेली. परीक्षेचे नियम हर्षदाने सगळ्यांना वाचून दाखवले होते. त्यात ‘बोलू नये’ असं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ‘खोलीत एकटेच असावे’ असंही होतं. पण खळ्याला खोली कोण म्हणेल? ती पेपरात गढल्यावर एकेक जण गुपचूप मागे येऊन बसला होता.

“आम्ही बोललो नाय हां,” लाल पट्टी बघून सुकऱ्याकाका घाईने म्हणाले.

“आजीला खोकला आला, तो पण तिनं गिळला,” भागी म्हणाली.

महिन्यापूर्वीची हर्षदा तिथेच कोसळली असती. आताची हर्षदा अकरा फडक्यांवरचे बावीस भेदरलेले डोळे पाहून हसायला लागली. पोट धरून हसली. मग वेळ पळतोय हे आठवून तिने डोळे पुसले.

“मोबाइलला तुम्ही दिसताय. त्याला मी एकटीच दिसायला पाहिजे.”

देवजीबाबांनी मोबाइल पुढून पाहिला, मागून पाहिला. “ह्याला पाठीमागचा दिसतो का?”

“नाही.”

“मग चला रे, त्याच्या पाठीमागं.”

अकरा जण उठले, खुंटाला वळसा घालून पलीकडे गेले आणि सहा-सहा फुटांवर पुन्हा बसले. आता हर्षदाला ते समोर दिसत होते, मोबाइलला नाही. दहा पंचविसाला तिने ‘पुन्हा सुरू करा’वर बोट ठेवलं. शेवटचा प्रश्न दहा अठ्ठावन्नला सुटला. उत्तरं गेल्याची हिरवी खूण आली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले आणि खळ्यावर एकच गिल्ला झाला. सुकऱ्याकाकांनी फडकं हवेत फिरवत विचारलं, “ब किती आले?”

“चौदा!”

“बघा!”

उरलेल्या चारही पेपरांना मंडळी खुंटाच्या पलीकडे बसली. लाल पट्टी पुन्हा आली नाही.

३ नोव्हेंबरला निकाल लागला. चार पेपरांत हर्षदा उत्तीर्ण. पहिल्या पेपरापुढे ‘राखीव’, म्हणजे निकाल अडकवून ठेवलेला. चौकशीचा अर्ज आला, त्यात मागे दिसणाऱ्या व्यक्तींची नावं आणि ‘उपस्थितीचे कारण’ मागितलं होतं. तिने अकरा नावं लिहिली. कारणात लिहिलं, ‘मी घाबरले होते म्हणून हे सगळे सोबत बसले.’

१९ तारखेला सकाळी अकरा वाजता मोबाइलवर सुनावणी झाली. समितीत तिघं होते. त्यातल्या बाईंनी विचारलं, “त्यांनी उत्तरं सांगितली?”

“नाही, मॅडम. एका काकांना सांगायची फार हौस आहे, पण ते गप्प राहिले.”

“मग काय करत होते?”

“बसले होते.”

“नुसते?”

“हो.”

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, “आत्ता तुझ्यासोबत कुणी आहे?”

हर्षदाने मोबाइलच्या पलीकडे पाहिलं. देवजीबाबांनी मान हलवून होकार दिला. खरं तेच सांग.

“आहेत, मॅडम. अकरा.”

निर्णय कळवू, असं सांगून सुनावणी संपवण्यात आली. ७ डिसेंबरला दुपारी दोन वाजता हर्षदाने संकेतस्थळ उघडून पाहिलं, तेव्हा पहिल्या पेपरापुढे ‘राखीव’ असंच होतं; निर्णय अजून आलाच नव्हता.