मराठी मुलींच्या घरातले टेबल

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाचे, लांबलचक, दहा-बारा जणी ऐसपैस बसतील असे. मला बोलता येत नाही हे एका परीने बरेच आहे. नाहीतर माझ्याभोवती जे काही बोलणे चालले, ते ऐकून मी केव्हाच किंचाळले असते.

माझा जन्म पापनाशमच्या एका सुताराच्या अंगणात झाला. तंजावरच्या बाळकृष्णराव मास्तरांनी मला हौसेने करवून घेतले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आत्याच्या घरात मुलींसाठी वसतिगृह काढले होते. नव्वद सालानंतरचे ते दिवस. जिकडे तिकडे कॉम्प्युटरचे वर्ग निघत होते, आणि आसपासच्या गावांतल्या मराठी घरांतल्या मुली कॉलेजसाठी शहरात येऊ लागल्या होत्या.

"मी जात विचारणार नाहीं. घरची भाषा तेवढी विचारेन," मास्तर सगळ्यांना सांगत.

आणि खरेच, देशस्थांच्या मुली आणि मराठ्यांच्या मुली माझ्याभोवती खांद्याला खांदा लावून जेवत. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत, माझे कौतुक करत. मला वाटे, आपला जन्म सार्थकी लागला.

पण मास्तरांना तेवढ्याने समाधान होईना. मद्रासला राहणारी त्यांची नातवंडे त्यांच्याशी इंग्रजीत बोलत. ते दुःख त्यांच्या मनात होते, आणि ते त्यांनी माझ्यावर आणून ठेवले. जेवताना फक्त मराठी बोलायचे, असा त्यांनी नियम केला. तोंडातून तमिळ शब्द गेला, की दुसऱ्या दिवशी साऱ्या घराचे नारळ खवायचे!

काय सांगू तुम्हाला तो वैताग! कुणी रसम मागितले, की मास्तर म्हणत, "सार म्हण." मास्तरांना सगळ्या मामा म्हणत. कुणी विचारी, "मामा, मग इडलीला काय म्हणूं?" त्यावर वाद सुरू होई आणि गरम इडल्या गार होऊन जात. स्वयंपाक करणाऱ्या वेंकूबाई कपाळाला हात लावत. "मामा, पोरी जेवायला आल्यात, परीक्षेला नाहींत!" पण ऐकतो कोण?

अशात ओरत्तनाडूहून हरिता आली. कॉम्प्युटरचे शिक्षण घ्यायला निघालेली तिच्या घरातली ती पहिलीच मुलगी. तिच्या घरी आजी मराठी बोले, पण आईबाप तमिळच बोलत. हरिताला सगळे समजे, बोलता मात्र येत नसे. तिच्या अप्पांनी बजावले होते, "आपल्या लोकांच्या घरांत राहत असशील तर मराठी शीक. नाहींतर परत ये."

पहिल्या दिवशी तिने पाणी मागितले, "तण्णी." झाले! दुसऱ्या दिवशी ती नारळ खवत बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. सगळ्यांच्या ताटात रोज नारळाची चटणी आणि हिच्या बोटांना ओरखडे. मग तिने बोलणेच सोडले. काही हवे असले की बोट दाखवी. मागून घ्यायची लाज वाटे, म्हणून अर्धपोटी उठे. आजीपाशी जे शब्द ऐकले होते, ते तिच्या ओठांपर्यंत येत आणि परत जात. माझ्या कडेला तिची बोटे घट्ट धरलेली असत, म्हणून मला ते कळे.

तिच्या शेजारी बसणारी शांभवी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. जिभेची तिखट. ती एकदा सरळ म्हणाली, "मामा, ही पोर उपाशी राहते. तुमच्या नियमानें कुणाचें पोट भरलें?"

मास्तर चिडले. "आज हिला सोडलें तर उद्यां अस्क्या जणी तमिळ बोलतील! दिवाळीपर्यंत बोलायला शिकली नाहीं, तर हिची जागा दुसरीला देईन."

हरिताने मान वर केली नाही. तिचा घास हातातच राहिला. मला पाय चार होते, पण एकही उचलून आपटता येईना.

त्याच सुमारास पुण्याच्या एक प्राध्यापिका जुन्या पोथ्या पाहायला तंजावरला आल्या. मास्तरांनी त्यांना मोठ्या अगत्याने जेवायला बोलावले. त्या दिवशी त्यांनी मला स्वतः पुसले, ठेवणीतला कोट घातला, आणि मुली बसल्यावर उभे राहून म्हणाले, "बाई, हीं अस्कीं आमचीं लेंकरें. इतक्या दूर राहून आम्हीं आमची मराठी सांभाळलों."

बाई हसल्या. मनात वाईट काही नव्हते त्यांच्या. "किती गोड बोलता हो! पण 'अस्कीं' नाही, 'सगळी' म्हणा. आणि 'आम्हीं सांभाळलों' नाही, 'आम्ही सांभाळली'. खरे सांगू? डोळे मिटले तर वाटते, तमिळच ऐकतेय!"

कुणाची चूक काढली की हसायच्या सवयीने एक-दोन मुली हसल्या आणि लगेच ताटात बघू लागल्या. मास्तर खाली बसले. पुढे बाई एकेक विचारत राहिल्या, आणि ते नुसती मान हलवत राहिले. मध्येच त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवले. भात तसाच ठेवून त्यांनी ताट पुढे सरकवले.

हरिता ते सारे बघत होती. ती उठली. साराचे भांडे घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"मामा... सार वाढूं कां? अन्न... असें टाकूं नका."

आमच्या घरातले तिचे ते पहिले मराठी बोल. पुढचे शब्द तिला सापडेनात, तेव्हा ती तमिळमध्येच हळूच म्हणाली, "वेट्कप्पडादींग, मामा." लाजू नका, मामा.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. ओरखड्यांनी भरलेल्या तिच्या बोटांकडेही पाहिले. मग सगळ्यांदेखत, पुण्याच्या बाईंदेखत, ते म्हणाले, "पोडु, अम्मा." वाढ, पोरी.

मग शांभवी म्हणाली, "मामा, उद्यां नारळ तुम्हांला!" वेंकूबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या, मुली हसल्या, बाई बावचळून सगळ्यांकडे पाहू लागल्या. मास्तर हसले नाहीत. मान खाली घालून त्यांनी सारभात कालवला आणि ताटातला शेवटचा घास संपेपर्यंत जेवले.

नियम कुणी जाहीरपणे रद्द केला नाही. फक्त त्याचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. मास्तर मराठीत विचारत, मुली ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत उत्तर देत, आणि जेवण गरम असतानाच पोटात जाई.

दिवाळीच्या मुदतीचे ऐकलेले हरिताचे अप्पा दिवाळीला तिचे सामान न्यायला रिकामी ट्रंक घेऊन आले. मास्तर काही बोलणार, एवढ्यात हरिता पुढे झाली. "अप्पा, ट्रंक नको. मीं इथेंच शिकतें. नान पोग माटेन." मी जाणार नाही! अर्धे मराठी, अर्धे तमिळ. अप्पांना दोन्ही अर्धे समजले. रिकामी ट्रंक घेऊन ते एकटेच बसने परत गेले.

हरिता शिकून नोकरीला लागली. मास्तर थकले. आता घराचा कारभार नव्या मंडळींकडे आहे. त्यांच्या डोक्यात नवेच खूळ शिरले आहे. म्हणतात, मराठी येणाऱ्या मुली एकीकडे बसवू, न येणाऱ्या दुसरीकडे, शाकाहारी तिसरीकडे. म्हणजे प्रत्येकीला आपल्यासारख्याच मुलींची सोबत मिळेल! त्यासाठी माझे तीन तुकडे करायचे ठरते आहे. काल सुतार येऊन माझ्या अंगावर खडूच्या रेघा ओढून गेला. मास्तर काठी टेकत आले आणि त्या रेघांवर तळहात ठेवून किती तरी वेळ उभे राहिले.

मित्रांनो, माझ्यावर गरम भांडी ठेवा, शाई सांडा, जेवण उशिरा आले म्हणून ताटे बडवा, मी सोसेन. पण मला करवत लावू नका. तीन टेबले झाली, की प्रत्येकीला आधी ठरवावे लागेल आपण कोण, आणि मगच जेवायला बसता येईल. भुकेल्या पोरीला असले कोडे घालू नये. त्यापेक्षा दारात कुणी नवी मुलगी उभी दिसली, की जरा सरकून बसा. जागा होते.