कोपऱ्यातली किल्ली

आमच्या ह्यांचा कुणावरही विश्वास नाही, आणि धंदा कुलपांचा असल्यामुळे लोक याला दोष न म्हणता अनुभव म्हणतात. दुकान खाली, घर वर. घराच्या दाराला तीन कुलपं आहेत. आत चोरून नेण्यासारखी वस्तू म्हणजे मी, आणि इतक्या वर्षांत मला कुणी उचलून नेलेलं नाही. दुकानाच्या शटरची किल्ली एकच, जुन्या घडणीची, किल्ल्या कापायच्या मशीनवर न बसणारी. ती ह्यांच्या कमरेला. साऱ्या वस्तीला दुसऱ्या किल्ल्या बनवून देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या शटरची दुसरी किल्ली कधी बनवली नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. मी काउंटर सांभाळते, बिलं करते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते, पण सकाळी शटर उघडेपर्यंत मीही गिऱ्हाइकासारखी बाहेर उभी असते.

त्यांचा एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. किल्ली कानसताना बिघडली, तर ती तशीच भंगाराच्या डब्यात टाकायची नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत शिकंज्यात धरून मोडायची, दोन्ही तुकडे दाखवायचे, मगच टाकायचे. बिघडलेल्या किल्लीवरूनही जाणकाराला निम्मं कुलूप कळतं, असं ह्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकं कंटाळून म्हणतात, राहू द्या हो. हे राहू देत नाहीत.

तर अशा माणसाने मध्यंतरी फोन पालथा ठेवायला सुरुवात केली.

बाईबिईचं काही असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग मी ह्यांच्याकडे नीट बघितलं. नखांत पितळेचा भुगा, चष्म्याला दोरी, खिशात नेहमी एखादा स्क्रू. अशा माणसावर भाळलेली बाई जगात एकच असणार आणि ती आधीपासूनच घरात होती.

बाकीच्या गोष्टीही मला दिसत होत्या. हे चहा अर्धा कप मागायला लागले होते आणि तोही भिंतीकडे तोंड करून प्यायचे. हाताने कानसायचं काम आलं की "मागच्या रस्त्यावर जा, तिथे एक जण बरा करतो" म्हणायचे. मागच्या रस्त्यावरच्या माणसाला हे पूर्वी लोहार म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे. काम नसलं की दोन्ही हात खिशात. सकाळी शटरच्या कुलपात किल्ली जायला वेळ लागायचा, आणि मी मागे उभी राहून रस्त्याकडे बघत असल्याचं नाटक करायचे. ह्यांचा उजवा हात थरथरत होता. बायकोच्या हे लक्षात येत नाही, असं फक्त नवऱ्यालाच वाटू शकतं.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर "काही नाही" म्हणाले असते, आणि एकदा म्हटलेलं "काही नाही" हे कधी मागे घेत नाहीत. आपण होऊन सांगतील म्हणून मी थांबले. पण रोज त्या अर्ध्या कपाचा मला राग यायचा.

त्यात माझे धाकटे दीर दुकानात आले. भाऊजींना इंटरनेटमधलं सगळं कळतं, म्हणजे ते फोनची कव्हरं विकतात.

"दादा, तू फोनवर काय काय बघतोस ते सगळं दिसतं बरं का," ते स्टुलावर बसत म्हणाले.

"कुणाला?"

"सगळ्यांना. इंटरनेटवाल्याला, जाहिरातवाल्याला, नाही त्याला."

"घरातल्यांना?"

मी काउंटर पुसत होते. पुसत राहिले, त्याच जागी.

"घरातल्यांना तर आधी! एकच वायफाय ना तुमचं?" भाऊजींना अशा वेळी फार उत्साह येतो. "तू व्हीपीएन टाक. बोगदा असतो तो. तू इकडून आत शिरलास की थेट दुसऱ्या देशात बाहेर निघतोस. मधे काय केलंस ते कुणाच्या बापाला कळत नाही."

"बोगदा कुणाचा?"

"कंपनीचा."

"केवढ्याला?"

"फुकट!"

बॅगेबरोबर फुकट मिळालेलं कुलूप घेऊन कुणी आलं, की हे ते टाचणीने उघडून दाखवतात आणि वर विचारतात, "बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं, विचारलंत का?" त्या दिवशी त्यांनी स्वतः ते विचारलं नाही. तोंड उघडलं होतं, मी बघितलं, पण मिटून घेतलं. त्यांना तो बोगदा फार हवा होता.

भाऊजींनी ॲप टाकून दिलं. ॲप एकेक विचारत गेलं. तुमचे संपर्क बघू का? हो. तुम्ही कुठे आहात ते बघू का? हो. फोन नंबर? हो. कुणी स्वतःच्याच घराबाहेर अडकलं तर हा माणूस दार उघडून देण्याआधी ओळखपत्र मागतो, शेजाऱ्याला बोलावतो, आणि आतल्या खोलीच्या पडद्याचा रंग विचारतो. इथे सगळ्याला हो.

शेवटी फोनच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलीशी किल्ली उमटली. ह्यांनी चष्मा पुसून ती बघितली.

"किल्ली आहे," हे म्हणाले. आवाजात समाधान मावत नव्हतं.

"बघ! तुझ्याच धंद्यातली," भाऊजी म्हणाले.

किल्ली आहे खरी, पण आहे कुणाच्या हातात, हे आमच्या दुकानात त्या दिवशी कुणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा "घरातल्यांना?" एवढंच घुमत होतं.

त्यानंतर हे निर्धास्त झाले. जेवण झालं की किल्ली कोपऱ्यात आहे ना ते बघायचे आणि फोनमध्ये शिरायचे.

काउंटरवर आमचा एक जुना टॅब असतो, गाणी ऐकायला. त्याच्यावर थोड्याच दिवसांत एक चमचा यायला लागला. जड दांड्याचा, हात हलला तरी सूप न सांडणारा. चमच्यामागून दोन कानांचा, झाकणाचा कप आला. मग एक शर्ट आला, ज्याला बटणांच्या जागी आतून चुंबकं लावलेली होती. "आता रोज सकाळची लढाई नको!" असं खाली लिहिलं होतं.

मी यातलं काही कधी शोधलं नव्हतं. गाण्यांपलीकडे मी त्या टॅबला काही विचारत नाही. बोगद्याच्या मालकाने ह्यांचं शोधणं कुणाला तरी विकलं होतं आणि ते फिरून आमच्याच काउंटरवर आलं होतं. हाताचं मला माहीत होतं. बटणांचं माहीत नव्हतं. आंघोळीनंतर दार लावून हे इतका वेळ काय करतात, ते मला एका जाहिरातीने सांगितलं. मला इतकं वाईट वाटलं, की गाणं संपून दुसरं सुरू झालेलंही कळलं नाही.

तरीही मी थांबले. माझाही हट्ट काही कमी नाही.

मग तो फोन आला. शाळेतल्या निवृत्त मास्तरीणबाई कपाटाची जुनी किल्ली घेऊन आल्या होत्या, आणि हे त्यांना मागच्या रस्त्याचा पत्ता द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. हे मशीनपाशी होते, फोन माझ्याजवळ चार्जिंगला.

"घे गं, स्पीकरवर टाक. गिऱ्हाईक असेल," हे म्हणाले.

"नमस्कार सर!" एक मधाळ आवाज म्हणाला. "आपल्या हाताच्या कंपासाठी आमच्याकडे खास योजना आहे. सर, सध्या उजवा हात आहे, की दोन्ही सुरू झाले?"

मशीन बंद झालं. मास्तरीणबाई छताकडे बघायला लागल्या. आमच्या छतात बघण्यासारखं काही नाही.

"लाजू नका सर," फोनवरची बाई म्हणाली. मी फोन कापला.

"मी उद्या येते," मास्तरीणबाई म्हणाल्या. किल्ली तिथेच ठेवून गेल्या. ह्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्याकडे वळले.

"तू सांगितलंस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला कुणी सांगितलं होतं, की मी कुणाला सांगू?"

ह्यांनी भाऊजींना बोलावून घेतलं. भाऊजींनी ॲप उघडलं, कुठेतरी खोल जाऊन बारीक अक्षरं काढली आणि वाचून दाखवली. आपली माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"भागीदार किती?" ह्यांनी विचारलं.

भाऊजी बोटाने यादी वर सरकवत राहिले. सरकवत राहिले. बोट बदललं.

"बरेच आहेत," ते म्हणाले. मग जणू काही हे आपल्याला जन्मापासून ठाऊक होतं अशा सुरात, "आता फुकट देतात म्हटल्यावर विकणार काय ते, दादा? तुलाच."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत, भाऊजी?" मी म्हटलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, वहिनी. दुसरं एक आहे, त्याला स्टार जास्त आहेत—"

"काढ ते," हे म्हणाले.

ॲप गेलं. कोपऱ्यातली किल्लीही गेली. ह्यांनी त्या मोकळ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"त्यांच्याकडे गेलेली माहिती परत येते?"

"अर्ज करता येतो. परदेशातल्या पत्त्यावर."

"परत नको. मोडतात का? आपल्यासमोर?"

"मोडतील कशाला? तोच तर त्यांचा माल."

ह्यांनी मान हलवली. भाऊजींना जायला सांगितलं, तेही नीट, प्रेमाने. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढ्या लोकांना माहीत आहे. आणि तुझ्यापासून लपवत बसलो मी."

"हो."

"आता तर तुला कळलंच आहे."

"मला त्या फोनवालीकडून कळलंय," मी म्हटलं. "चमच्याकडून कळलंय. तुमच्याकडून काहीही कळलेलं नाही."

हे स्टुलावर बसले. खिशातून दोन्ही हात काढून काउंटरवर ठेवले. उजवा हलत होता, आणि आता डावाही, थोडासा. मग ते सगळं बोलले. हात हलणाऱ्या माणसाकडे कोण कुलूप आणेल? मागच्या रस्त्यावरचा हसेल. डॉक्टरकडे अजून गेलेच नव्हते, नुसतं फोनवर वाचत बसले होते, कारण दवाखान्याच्या बाकावर कुणी बघितलं असतं.

"आणि बटणं," ते म्हणाले. "एक दिवस तू मला बटणं लावून देशील, याची भीती वाटायची. मग मी कोण राहिलो?"

मला रडू आलं. राग होता तसाच होता, पण रडू त्याच्या आधी पोचलं. मी म्हटलं, दवाखान्यात मी बरोबर येईन आणि बाकावर ऐसपैस बसेन, बघू दे कुणाला बघायचं ते. हे नाही म्हणाले नाहीत. ह्यांच्या भाषेत तो होकार असतो.

मग त्यांनी कमरेची शटरची किल्ली सोडली. पहिल्यांदा गाठ सुटेना, मी हात पुढे केला नाही. ती काउंटरवर ठेवली, शेजारी एक कोरी किल्ली ठेवली, आणि कानस माझ्या हातात दिली.

"मी सांगतो. तू कर."

मी पहिल्याच घासण्याला खाच वाकडी पाडली.

"मोड," हे म्हणाले.

"कुणासमोर? गिऱ्हाईक कुठे आहे?"

"मी बघतोय ना."

मी ती शिकंज्यात धरून मोडली आणि दोन्ही तुकडे ह्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिले. दुसरीही बिघडली, तीही मोडली. "घाई कुठे जायची आहे?" असं मला ऐकवण्यात आलं, आणि "लोहारकाम नाही हे," असंही. इतक्या महिन्यांत हे इतकं बोलले नव्हते. पुढची किल्ली मात्र शटरच्या कुलपात फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली आलो तेव्हा मास्तरीणबाई आधीच बाहेर उभ्या होत्या. हे कुलपाकडे गेले नाहीत. बाजूला सरकले. मी माझ्या किल्लीने कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं.

ह्यांनी मास्तरीणबाईंसमोर उजवा हात धरला, मोकळा, हलता.

"माझा हात हलतो," हे म्हणाले. "ही कानसेल, मी सांगेन. चालेल?"

बाईंनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चालेल. पण बिघडलेली माझ्यासमोर मोडायची."

"तो नियमच आहे," हे म्हणाले, आणि जरा ताठ झाले. तेव्हा मला दिसलं, की ह्यांच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. मी पुढे झाले आणि तिथेच, भर रस्त्यात, बाईंसमोर ते काढून नीट लावलं. हे मान वर करून उभे राहिले.