खालची बाजू

"उचल," थोरला खालून म्हणाला आणि लाकडी कपाट पुन्हा जिना चढू लागलं.

धाकट्याच्या हातात वरची बाजू होती. वरच्याने नुसती दिशा द्यायची, वजन सगळं खालच्याच्या छातीवर येतं. वीस वर्षं हे दोघे भाऊ लोकांची घरं हलवत होते आणि खालची बाजू कायम धाकट्याची, कारण अंगात रेड्याचं बळ त्याच्या. मग करोनाने त्याला अठरा दिवस ऑक्सिजनवर ठेवलं आणि दादाने काही न विचारता जागा बदलून टाकली. त्यालाही आता वर्ष होत आलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर थोरल्याने कपाट टेकवलं.

"बस जरा. दम लागला असेल तुला."

"मला काही झालेलं नाही."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, विसरलास?"

विसरला नव्हता. हा आजार फुप्फुसांवरच थांबत नाही, हृदयाच्या स्नायूला सूज येते, रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि नुसता किरकोळ ताप येऊन गेलेलेही यातून सुटतातच असं नाही, असं बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. पण काल त्यांनीच रिपोर्ट बघून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, खुशाल ओझी उचला. ही बातमी तो सकाळपासून जिभेवर घेऊन फिरत होता. दर मजल्यावर म्हाताऱ्यासारखं बसायचं म्हणजे काय? गिऱ्हाइकं बघतात, त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आज जागा परत मागायचीच.

"दादा, ऐक," म्हणत तो कपाटाला वळसा घालून खाली आला.

थोरला पायरीवर कठड्याकडे तोंड करून बसला होता. दोन बोटं मनगटावर, ओठ हलत होते. नाडी मोजत होता. घोटे सुजून चपलेचे पट्टे पायात रुतले होते. त्यालाही तेव्हा ताप आलाच होता की, दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी तो धाकट्याचा डबा घेऊन हॉस्पिटलच्या दारात हजर. आणि या वर्षभरात कुठल्या मजल्यावर थांबायचं, हे धाकट्याने एकदाही ठरवलं नव्हतं.



"काय म्हणत होतास?" थोरल्याने हात झटकन खाली घेतला.

सरळ विचारलं तर दादा उडवून लावणार, वर चार शिव्याही देणार. दाढ किडली तेव्हा महिनाभर सुजलं तोंड घेऊन हिंडला होता, पण डॉक्टरचं नाव काढू दिलं नव्हतं. धाकटा त्याच्या शेजारी बसला आणि त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"खरंच दम लागलाय रे दादा. आज नाही जमायचं. दुसरी माणसं बोलावू."

"मी म्हणतच होतो!" थोरला म्हणाला. त्याचा आवाज एकदम सैल पडला.

"आत्ताच बाईंकडे जाऊ. ईसीजी काढू. तुझाही काढू."

"माझा कशाला?"

"मला एकट्याला भीती वाटते तिथं आडवं पडायची."

"एवढा घोडा झालास तरी!" थोरला हसला. मग कठडा धरून उठला आणि त्याने धाकट्याच्या दंडाला धरलं, आधार देतोय अशा थाटात. दंडावरचं वजन धाकट्याने मुकाट्याने पेललं.

"फार लागलाय का रे दम?"

"फार," धाकटा म्हणाला. "सावकाश चल."