मामंजींची वाघीण

आमच्या जळोचीच्या घरात जेवायचं टेबल आहे, पण आम्ही जेवतो जमिनीवर. टेबलावर दिवाळीपासून आमच्या ह्यांची, म्हणजे रविराजची, बारामती-दौंड छोट्या रेल्वेची प्रतिकृती पसरलीय. रूळ, सिग्नल आणि प्लायच्या वीतभर वाघिणी. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. इंग्रजांच्या वॅगनला आपल्या लोकांनी शेपूट लावलं, दुसरं काय!

मामंजी ऐन उमेदीत त्या रेल्वेच्या खऱ्या वाघिणींत गुळाच्या ढेपा भरायचे. दौंडला तो माल मोठ्या गाडीत चढायचा. पुढं छोटी गाडी बंद पडली आणि गेल्या साली मामंजीही गेले. त्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तसे हे हट्टाला पेटले. फोटोपुढं वाघीण ठेवायचीच, पण आईनं ‘हीच ती’ म्हटल्याशिवाय नाही.

सासूबाई, द्वारकाबाई, म्हणजे फटकळ काम. प्रत्येक वाघिणीला एकच उत्तर, “न्हाय रं, ही न्हवं.”

“मग कुठली, आई?”

“सांगून कळत आसतं व्हय!”

वाघीण लाल झाली, करडी झाली, दार सरकतं झालं. माझ्या डोक्याची मंडई झाली. शेवटी वैतागून मीच म्हटलं, पेंटरला द्या आणि सुटा एकदाचे. ह्यांनी ती इंदापूरला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या लखनकडं पाठवली. वर फोन केला, “जुनी वाघीण हाय, तिच्या मूळ रंगात कर.”

श्राद्धाच्या सकाळी खोकं उघडलं. पिवळीधमक, काळे पट्टे, दारावर जबडा आणि वर मिश्या!

फोन लावला तर लखन उलट ह्यांनाच विचारतो, “वाघिणीला दुसरा कुठला रंग आसतो, भाऊ?”

भटजी दारात, खीर उतू चाललेली, आणि हे थिनरचा बोळा घेऊन बसले. माझा तोल गेला. “पुसा नाहीतर चुलीत घाला, पण माझं टेबल मोकळं करा!”

“हात लावायचा न्हाय!” सासूबाईंनी वाघीण हिसकावून छातीशी धरली. “मी भाकरी घिऊन यार्डात शिरले की तुझा बा वरडायचा, ‘सरका रं, माझी वाघीण आली!’”

हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले.

“रेल्वेच्या समद्या दौंडला जायच्या. तुझ्या बासंगं घरी यायची ती ही एकच.”

फोटोपुढं ती त्यांनी स्वतः ठेवली. मी पुन्हा जमिनीवरच पानं मांडली.