माझी चेन्नईची सवत

मित्रांनो, मुलुंडच्या एका सोसायटीत, पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकून एक जुनी मोटारसायकल उभी आहे. तीच मी. टाकीवरच्या लाल रंगाखाली नीट पाहिलेत तर सत्तावीस हा आकडा पुसटसा दिसेल. तो कसा आला आणि कसा गेला हे सांगायचे, तर मला माझा एक दुर्गुणही सांगावा लागेल. मी फार जळकी आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यात विशेष काही नव्हते. कामावर जायला आणि भाजी आणायला घेतात तसली मी साधी गाडी. धाकू नावाच्या गृहस्थांनी मला घेतले. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडच्या एका कंपनीत लागले होते. त्यांनी मला जेमतेम महिनाभर चालवले असेल. मग माझी किल्ली त्यांच्या मुलाच्या, प्रीतमच्या खिशात गेली ती कायमची.

प्रीतम मला पहाटे मिठागरांच्या कडेच्या रिकाम्या रस्त्यावर न्यायचा. वळणावर तो इतका झुकायचा, की गुडघा आणि जमीन यांच्यात वीतभरच अंतर उरायचे. पाचरस्ता नाक्यावरच्या खंडू मेकॅनिकने माझे दिवे, आरसे, स्टँड उतरवले आणि टाकीवर चिकटपट्टीने सत्तावीस काढला. पेट्रोल उपसून, गोणपाटात गुंडाळून मला रेल्वेच्या पार्सल डब्यातून चेन्नईच्या शर्यतीला पाठवले. तिथे आमचा तिसरा नंबर आला. घरी आल्यावर प्रीतमच्या नव्या नवरीने, वसुधाने, त्याला ओवाळले आणि माझ्या हँडललाही कुंकू लावले. मला वाटले, ही जोडी आता कोणी फोडणार नाही.

ती त्या तिसऱ्या नंबरामुळेच फुटली. एका संघाने प्रीतमला करारावर घेतले. तो व्यावसायिक शर्यतपटू झाला आणि त्याला खास शर्यतीसाठी बांधलेली गाडी मिळाली. ती चेन्नईलाच राहायची. मी तिला कधी पाहिले नाही, पण ती वळणावर कशी, ब्रेकला कशी, ओल्या रस्त्यावर कशी, हे इतके ऐकले की कान किटले. वसुधा हसून शेजारणींना सांगायची, “चेन्नईला माझी सवत आहे.” मी मनात म्हणायचे, तुझी नव्हे बाई, माझी.

माझा सत्तावीस आकडा त्याने तिला दिला. खंडूने माझ्या टाकीवर लाल रंग मारला, आरसे परत बसवले, आणि मी पुन्हा भाजीची गाडी झाले. प्रीतम राष्ट्रीय विजेता झाला त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत त्याच्या अभिनंदनाचा फलक लागला, तोही नेमका माझ्यासमोर. फोटो आदल्या दसऱ्याचा होता. प्रीतम तिला झेंडूचा भरगच्च हार घालत होता. दहा दिवस मी तो हार बघत उभी होते. माझा दसरा वसुधा उरलेल्या फुलांत उरकायची. धाकू मात्र मुलाला विचारायचे, “ती मशीन तुका म्हातारपणी बघतली?” मला ते फार आवडायचे.

पण सगळ्यात खोल घाव बसला तो गिअरचा. मित्रांनो, माझा पहिला गिअर पायाने खाली दाबायचा आणि पुढचे सगळे वर उचलायचे. शर्यतीच्या गाडीचे नेमके उलटे असते. पहिला वर, बाकीचे खाली. एकदा महिनाभराने घरी आलेल्या प्रीतमने मला जोरात पळवले आणि वरचा गिअर टाकायला पाय खाली दाबला. माझे इंजिन किंचाळले. मागे बसलेला खंडू म्हणाला, “अरे, ही घरची आहे. तिकडची नाही.”

“पायाला आता तिचीच सवय लागलीय रे,” प्रीतम म्हणाला.

त्या दिवसापासून मी एकच मागणे मागत राहिले. त्याच्या पायाला पुन्हा माझी आठवण होऊ दे.

त्याची मुलगी श्रुतिका सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. हंगामातली शेवटची शर्यत दहा दिवसांवर होती. ती जिंकली तर दुसरे विजेतेपद आणि नवा करार. श्रुतिका पार्किंगमध्ये त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, “पप्पा, तू तिकडच्या गाडीलाच फिरवतोस. मला कधीच नाही.” मग तो तिला पुढचे आठ दिवस माझ्यावरून शाळेत सोडायला गेला, संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीपर्यंत घेऊन गेला. एकदाही त्याचा गिअर चुकला नाही. मी हरखून गेले होते.

नवव्या दिवशी तो चेन्नईला गेला आणि शर्यतीत पडला. खांद्याचे हाड मोडले. घरात रडारड झाली. आणि मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले. तिनेच त्याला पाडले असे मी समजले. बघ, म्हटले, कोणाला हार घालत होतास.

संघाने करार पुढे चालवला नाही. प्रीतम मुलांना गाडी शिकवू लागला आणि रोज मलाच घेऊन जाऊ लागला. अशी कितीतरी वर्षे गेली. मी जिंकले होते. या फेब्रुवारीत एका सकाळी तो चहाचा कप हातात घेऊन बसला तो उठलाच नाही.

मला भंगारवाल्याला द्यायचे ठरले. सोसायटीला जागा हवी होती, आणि वसुधाला मी डोळ्यांसमोर नको होते. रविवारी माणूस यायचा होता. शनिवारी तेरावा होता. घर माणसांनी भरले म्हणून श्रुतिका खाली येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. तिच्यामागोमाग संघाचे जुने मेकॅनिक चंद्रप्रकाश आले. तिने त्यांना विचारले, पप्पा त्या दिवशी नेमका कसा पडला. घरी तो कधी बोलला नव्हता.

चंद्रप्रकाशांनी माझ्या गिअरच्या दांडीकडे बोट केले. “गिअर चुकला. पाचवा टाकायचा होता. दाबायच्या ऐवजी उचलला, या गाडीसारखा. पाचव्याऐवजी तिसरा पडला आणि मागचं चाकच अडकलं. मला म्हणाला, घरी बोलू नकोस. पोरगी म्हणेल, माझ्यामुळे पडला.”

श्रुतिकाने माझ्या सीटवर हात टेकला. “आठ दिवस मीच फिरवायला लावलं होतं.”

“ते माहीत आहे. रुग्णवाहिकेत हाड मोडलेलं, आणि हा मला सांगतोय, पोरगी पाठीला कशी घट्ट बिलगून बसते. अख्ख्या रस्त्याने तेच.”

माझे मागणे पुरे झाले होते. त्याच्या पायाला माझी आठवण झाली होती, ताशी दीडशेच्या वेगात. ती सवत बिचारी निर्दोष होती. त्याच्या पायाने सांगितले तेच तिने केले.

वर जाऊन श्रुतिकाने आईला सांगितले, ती गाडी राहू दे. खंडू आता थकला आहे, पण त्याने येऊन माझा कार्बोरेटर धुतला, चेन बदलली. श्रुतिकाने कागद नवे करून घेतले. पहिल्यांदा बसली तेव्हा खंडू गिअर समजावू लागला. तिने त्याला थांबवले. “एक खाली, बाकी वर. मला माहितीय, काका.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला उन्हापावसात टाकू नका. आठवड्यातून एकदा फडके मारा, चेनला तेल द्या, थोडी फिरवून आणा. आणि तुमचे माणूस दुसऱ्या कशात रमले, तर त्याने तुम्हाला टाकले असे लगेच समजू नका. मी समजले. वर्षानुवर्षे तो माझ्यावर बसायचा तेव्हा मी त्याच्याशी मनातून भांडत असायचे.

माझ्या शेजारी श्रुतिकाची बॅटरीवर चालणारी स्कूटर उभी असते. तिला गिअरच नाहीत. दसऱ्याला पहिला हार तिला मिळाला आणि मी जळले, नाही असे नाही. मग श्रुतिका माझ्यापाशी आली, खाली बसली, आणि माझा हार हँडलला न घालता गिअरच्या दांडीला बांधला, जिथे त्याचा पाय असायचा.