‘स्वीकृत’चा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळाला एकच शब्द आहे, ‘स्वीकृत’. तो उलटा कोरलेला असल्यामुळे मला स्वतःला कधी नीट वाचता आला नाही. कागदावर वरचेवर उमटलो असतो तर वाचला असता.

माझा जन्म १९७५ साली नाशिकच्या मेन रोडवर एका शिक्केवाल्याच्या दुकानात झाला. गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ‘पडताळा’ नावाचं संशोधनाचं त्रैमासिक काढलं होतं. मोठ्या विद्यापीठांत चालतं तसंच आपल्याकडेही चालावं, म्हणून त्यांनी दोन शिक्के करायला टाकले. एक मी आणि दुसरा माझा जुळा भाऊ, ‘साभार परत’. दोन शिक्क्यांवर शाईची बाटली फुकट होती. ती बाटली भावानंच संपवली. पहिल्या वर्षी मला दोनदा उचललं गेलं. एकदा संपादकांच्या स्वतःच्या लेखासाठी आणि एकदा पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून.

‘पडताळा’ची पद्धत मात्र कडक होती. लेख आला की त्यावरच्या नावावर खळीनं खाकी कागद चिकटवायचे. लेखक कोण हे परीक्षकाला कळता कामा नये, हा नियम सात. लेखकानं ओळख दिली की लेख बाद. ह्या कामात मुलं इतकी काळजी घेत की एकदा नावाबरोबर लेखाचा विषयही झाकला गेला. परीक्षकानं शेरा दिला, ‘विषयाची मांडणी नेमकी आहे.’

१९७९ साली मल्हारी संपादक होता आणि चिमाजी परीक्षक. त्या वर्षी भिकन नावाच्या मुलाचा लेख आला. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि मनमाडजवळच्या एका खेड्यातून रोज गाडीनं यायचा. लेखाचं नाव होतं ‘आमच्या वस्तीची विहीर कोणी खणली?’ त्या विहिरीच्या कठड्यावर एक दगड आहे आणि दगडावर गावातल्या तीन पुढाऱ्यांची नावं आहेत. भिकनचं म्हणणं असं, की विहीर वस्तीतल्या नऊ बायकांनी खणली. त्यांतली एक त्याची आई. त्या नऊ जणींची नावं कुठेतरी छापून यावीत, एवढ्याचसाठी त्यानं तो लेख लिहिला होता.

चिमाजीचा शेरा आला, ‘दगड हे लिखित साधन आहे. लेखकाच्या म्हणण्याला आधार काय?’

भिकननं खाली टीप घातली. माहिती देणार, माझी आई नवसाबाई.

शेरा आला, ‘आईचं प्रकाशनवर्ष द्यावं.’ मल्हारी म्हणाला, “शिवाय आईचं नाव आलं की लेखक कळतो. नियम सात. काढ ते.”

भिकननं नाव काढलं. शेरा आला, ‘आधार काय?’

तिन्ही वेळा माझा भाऊ कागदावर बसला. मी खिडकीत होतो, मावळतीच्या उन्हात, एका बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात.

“मग मी करू तरी काय?” भिकननं विचारलं.

“नाव न घेता आधार दे.”

“आईचं नाव न घेता आईचा आधार कसा देऊ?”

“ते संशोधकानं शोधायचं असतं,” मल्हारी म्हणाला.

पुढच्या शनिवारी दुपारी भिकन आईलाच घेऊन आला. आमचं कार्यालय म्हणजे जिन्याखालची खोली. मल्हारीनं क्षणभर विचार केला.

“लेखक बाहेर थांबेल. आधार आत येऊ दे.”

दाराशी चपला काढून नवसाबाई आत आल्या. चिमाजीनं लगेच खुर्ची भिंतीकडे फिरवली. लेखकाची आई दिसली असती तर त्याचा निःपक्षपातीपणा गेला असता.

“मावशी, तुम्ही कुठं छापून आला आहात का?” मल्हारीनं विचारलं.

“छापून नाय बा. रेशनकार्डावर हाय.”

भिंतीकडून प्रश्न आला, “नाव छापील आहे की हातानं लिहिलेलं?”

“ह्यो कोन भिताडाशी बोलतोय?”

“ते परीक्षक आहेत, मावशी.”

“मंग तोंड का लपवतोय? नापास झाला का काय?”

चिमाजीची मान लाल झालेली मला मागून दिसली.

“विहीर कोणी खणली?” मल्हारीनं विचारलं.

“आमी नऊ जनींनी. बाहत्तरच्या दुस्काळात. दिसभर खडी फोडायची आन् सांजच्याला ह्ये खनायचं. गावच्या हिरीवर आमाला कोन चढू देत व्हतं? एकवीस हात गेलो तवा वल लागली. पानी लागलं तसे पुढारी आले. दगड संगंच घिऊन आले.”

“मग दगडावर तुमचं नाव का नाही?”

“दगड त्यांचा व्हता, दादा. हिर आमची व्हती.”

मग भिंतीकडे तोंड करूनच चिमाजी म्हणाला, “मल्हारी, स्वीकार.”

मित्रांनो, मला उचललं. चार वर्षं मी ह्याच घटकेची वाट पाहत होतो. गादीवर दाबलं, शाई लागली, कागदावर ठेवलं, वरून मूठ मारली. मी जीव खाऊन दाबला गेलो.

काहीच उमटलं नाही. उन्हानं माझं रबर दगडासारखं झालं होतं. माझ्या एका अक्षराचा काळा भुगा कागदावर पडला, एवढंच. मल्हारीनं फुंकर मारून तो उडवला आणि पुन्हा मूठ मारली. माझी आणखी दोन अक्षरं तुटली.

“नियम नऊ,” मल्हारी हळूच म्हणाला. “टेबलावर आलेला लेख शिक्क्याशिवाय खोलीबाहेर जात नाही.”

आणि त्यानं माझ्या भावाला उचललं.

“हा तात्पुरता. नवा शिक्का करून आणला की ह्याच्यावर मारू.”

भाऊ ठसठशीत उमटला. त्याला सराव होता.

नवसाबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला. दार उघडंच होतं.

“जांभळा शिक्का मारलाय रं. मंजी पक्कं झालं ना?”

भिकन कागदाकडे बघत राहिला.

“झालं, आई.”

“मंग वाच की मोठ्यानं. मला कुटं येतंय!”

भिकननं माझ्या भावावर बोट ठेवलं आणि वाचलं, “ही विहीर नवसाबाई आणि तिच्या आठ मैतरणींनी खणली.”

“आठींची नावं?”

त्यानं एकेक करून आठही नावं वाचली. माझ्या भावाच्या अंगावर सगळी मिळून सहा अक्षरं आहेत.

नवा शिक्का कोणी केला नाही. जूनमध्ये नवं संपादक मंडळ आलं आणि त्यानं पहिल्या बैठकीत नियम दहा केला, ‘साभार परत’चा शिक्का बसलेला लेख पुन्हा टेबलावर घ्यायचा नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला कपाटात जपा, असं मी म्हणत नाही. कपाटात मी असाही ठणठणीतच राहीन, कारण आता माझ्यात बिघडायला काही उरलेलं नाही. पण तुमच्यापैकी ज्यांच्या हाती ‘हो’ म्हणायचा शिक्का येईल, त्यांनी तो रोज एकदा तरी रद्दी कागदावर मारून बघावा. तो उमटत नाही, हे एखादी बाई समोर उभी असताना कळू नये.