रंभाच्या हँडलवरची गुंडाळी

मित्रांनो, नाकं मुरडू नका. हा शिळ्या चहाचा वास माझाच आहे. मी एक जुना, पोचे पडलेला चहापत्तीचा डबा आहे. पण नुसता डबा म्हणालात तर राग येईल हं! न्हावऱ्यापासून इनामगावकडच्या वाटेवरच्या सगळ्या वस्त्या एके काळी माझ्या पोटात होत्या.

ही करामत गेणबाआबांची. उमेदीत त्यांनी मेंढरं घेऊन सगळा मुलूख पालथा घातला होता, मग न्हावऱ्यात शेती करून राहिले. त्यांची सून रंभा अंगणवाडीच्या कामाला लागली. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं, कासुर्डीचं. काम म्हणजे सायकलनं वस्तीवस्तीवर फिरणं, आणि इकडची वाट तिला ठाऊक नाही. कुणाला विचारावं, तर लोक बोट दाखवायचे, "ह्ये काय, हितंच पुढं!" आणि ते 'पुढं' काही केल्या यायचं नाही. एकदा तर बिचारी फिरून फिरून एकाच वस्तीवर तीनदा गेली. तिथली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

तेव्हा आबांनी मला फळीवरून उतरवलं. पोटाला खिडकी पाडली. दुखलं, खोटं कशाला बोलू! खिडकीला नव्या शर्टाच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक लावलं. आत दोऱ्याची दोन रिकामी रिळं बसवली, त्यांतून सायकलच्या चाकाच्या तारा घातल्या आणि बाहेरची टोकं वाकवून मुठी केल्या. वहीची पानं खळीनं चिकटवून लांबलचक गुंडाळी तयार झाली. आबांना अक्षरओळख नव्हती, पण चित्रं काय झकास काढायचे! देऊळ, कॅनॉलचा पूल, पंपाची खोली आणि शेजारी वळायचा बाण. मूठ फिरवली की पुढची खूण खिडकीत हजर! ट्यूबच्या पट्टीनं मला हँडलला आवळलं, तेव्हा मी शेजारच्या घंटीकडं बघितलंसुद्धा नाही.

एक खूण मात्र रंभानं स्वतः लिहिली, 'ऊस संपला की डावीकडे.'

आबा म्हणाले, "पोरी, उभं पीक खूण म्हून धरू नगं."

"मामा, एवढा मोठा फड हाय. त्यो काय पळून जातोय व्हय?" रंभा सासऱ्यांना हसली. मीही हसलो. खिडकी पडल्यापासून शहाणा झालो होतो ना!

दोन हजार एक सालचा जानेवारी होता. गावात पोलिओचे डोस पाजून झाले, पण ऊसतोड्यांच्या कोप्यांवरची, त्या पाचटाच्या झोपड्यांतली, अकरा पोरं राहिली होती. नर्सबाई म्हणाल्या, "टोळी आज बाराला मुक्काम हलवणार आहे. जीप तिथं जात नाही. रंभाताई, तुम्ही जाता?"

जाता म्हणजे काय! मागं कॅरिअरवर लसीचा निळा डबा, आत बर्फ. पुढं मी. निघालो की वाऱ्यासारखे! देऊळ आलं, उजवीकडं. पूल आला, सरळ. मूठ फिरतेय, चित्रं येतायत, माझा नुसता जोश जोश!

आणि खिडकीत आलं, 'ऊस संपला की डावीकडे.'

रंभानं करकचून ब्रेक दाबले. ऊस कुठाय? रान मोकळं! नुसतं पाचट पडलेलं, आणि डावीकडं एक नाही, चांगल्या तीन वाटा. घड्याळात साडेअकरा. विचारायला चिटपाखरू नाही.

"आता गं बया! माजंच चुकलं," रंभाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता ती पोरं राहिली म्हंजी..."

मग तिनं डोळे पुसले. "पुढची खूण तर बघू." आणि नेमकं तेव्हाच माझं रीळ अडकलं! मित्रांनो, लाजेनं मेलो मी. पण रंभा हुशार. केसांतलं तेल बोटाला घेतलं, तारेला चोळलं, मूठ दामटली. कर्रकन् गुंडाळी सरकली. आबांचं चित्र आलं. दोन जोडचिंचा, खाली विहीर.

रंभानं मान वर केली. रान मोकळं होतं म्हणूनच पार लांबवर दोन चिंचा दिसल्या! मधल्या वाटेच्या टोकाला!

मग सायकल अशी हाणली, अशी हाणली की माझं झाकण उडायचं तेवढं राहिलं. विहिरीपाशी पोचलो तर कोप्या मोडलेल्या, ट्रक भरलेला, इंजिन सुरू.

"थांबा! दोन थेंब पाजायचेत!" रंभा ओरडली.

"बाई, आधीच उशीर झालाय," मुकादम कुरकुरला.

"दादा, बर्फ हाय तंवरच लस हाय. मी लई लांबून आले!"

मुकादमानं तिच्या घामेजल्या तोंडाकडं बघितलं आणि इंजिन बंद करायला लावलं. एकेक पोर खाली उतरलं. शेवटचं तान्हं ट्रकच्या वरूनच आईनं खाली वाकवलं. अकराच्या अकरा! प्रत्येकाच्या डाव्या करंगळीवर शाई लागली. रंभानं मला थोपटलं, "शाब्बास रं डब्या!" त्या थापेचा पोचा अजून आहे, तो मी कुणाला काढू देत नाही.

घरी येऊन ती म्हणाली, "मामा, चुकलेली खूण माजी व्हती. घावलेली तुमची."

आबा हसले. "पिकं बघून चाललो अस्तो, तर आमची मेंढरं आजून घरी आली नस्ती."

पुढं घरात मोटारसायकल आली आणि मी खिळे ठेवायचा डबा झालो. आबाही गेले. पण गुंडाळी पोटात आहे. तिच्या शेवटी त्यांनी अकरा करंगळ्या काढल्यात, नखांवर शाई लावलेल्या. मला भंगारात घालण्याआधी एकदा मूठ फिरवून बघा.

आणि मित्रांनो, वाट विचारणाऱ्याला नुसतं बोट दाखवू नका. उद्याही जागेवर असेल अशी खूण सांगा. त्याच्या कॅरिअरवर काय आहे, हे तुम्हाला कुठं ठाऊक असतं!